लयीची दांडी कोणाच्या हाती?



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, ‘‘तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. गाण्याची साथ करणाऱ्या सॉफ्टवेअरवर तुम्ही काय बोलणार?’’ शंका रास्त आहे. आम्ही संगीतज्ञ नाही, आणि संगणकातले तर त्याहून काही कळत नाही. आमची पात्रता एवढीच, की पन्नासहून अधिक वर्षे आम्ही तबला वाजवतो. वाजवतो म्हणजे घरातच वाजवतो. बाहेर कुणी बोलावले नाही आणि आम्हीही गेलो नाही.

या पन्नास वर्षांतली बहुतेक वर्षे लेहरा धरायला आमचे थोरले बंधू असत. दादांची पेटी, चंद्रकंसाचा तोच एक लेहरा, आणि त्यावर आमचा तीनताल. तीन वर्षांपूर्वी दादांच्या बोटांचे सांधे आखडले. पेटी बंद झाली. पुतण्याने आमच्या फोनवर लेहऱ्याचे अ‍ॅप घालून दिले आणि विचारले, ‘‘काका, लय किती ठेवू?’’ आम्ही म्हटले, ‘‘ठेव की, नेहमीची.’’ आता नेहमीची म्हणजे किती, हे आम्हाला कुठे ठाऊक? आकड्यात कधी मोजलीच नव्हती. त्याने अंदाजाने १६० ठेवली. दोन आवर्तने बरी गेली. मग एक तिहाई घेतली, आणि लेहरा समेवर आमच्या आधी जाऊन बसला. पुन्हा घेतली, पुन्हा तेच.

वय झाले, हात मंदावला, असे म्हणून आम्ही स्लायडर मागे ओढला. १३०, मग ११०. वाजवणे सोपे झाले, यात शंका नाही. पण जी चुकचुक होती ती गेली नाही. दोन-चार दिवसांनी लक्षात आले की दादांचा लेहरा आमच्यासाठी सावकाश नसायचा. तो आमच्यासाठी *थांबायचा*. तिहाईच्या शेवटच्या पल्ल्यात आमचा श्वास कोंडला की दादा एका सुराला केसभर जागा द्यायचे, आणि पुढच्या आवर्तनात ती जागा गुपचूप परत घ्यायचे. आम्हाला पन्नास वर्षे वाटत राहिले की आमची तिहाई पक्की आहे.

तेव्हा आजचा प्रश्न असा. सावकाश होणे आणि थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या फोनमधला स्लायडर त्यातली पहिली करतो, दुसरी करत नाही. असे का झाले? या स्लायडरला इतिहास आहे. तो दोनशे वर्षांचा तरी आहे, आणि आपल्याला वाटतो तसा सरळ पुढे जाणारा नाही.

सुरुवात लंबकापासून करू. १८१४ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या विंकेल नावाच्या कारागिराला एक युक्ती सापडली. लंबकाच्या दोन्ही टोकांना वजन लावले, तर आखूड लंबकही अगदी संथ हलतो. योहान मेल्झेल हा व्हिएन्नामधला हुशार गृहस्थ. त्याने ती युक्ती पाहिली, तिला आकड्यांची पट्टी जोडली, १८१५ मध्ये स्वतःच्या नावावर पेटंट घेतले आणि ‘मेट्रोनोम’ म्हणून विकायला काढले. पुढे हॉलंडमध्ये चौकशी होऊन शोधाचे श्रेय विंकेलला मिळाले, पण तोवर नाव झाले होते मेल्झेलचे. हा मेल्झेल मोठा गमतीचा माणूस. बुद्धिबळ खेळणारा तो प्रसिद्ध ‘तुर्क’ गावोगाव दाखवत फिरणारा हाच (त्या तुर्काच्या पेटीत एक जिवंत माणूस लपलेला असे), आणि आपोआप वाजणारा यांत्रिक वाद्यवृंद बनवणाराही हाच. त्या वाद्यवृंदासाठी बेटहोव्हेनने १८१३ मध्ये युद्धविजयाची एक रचना सुरू केली होती. म्हणजे बघा, आपोआप वाजणारे यंत्र आणि लय मोजणारे यंत्र, दोन्ही एकाच दुकानातली.

बेटहोव्हेनला मेट्रोनोम आवडला. १८१७ मध्ये त्याने आपल्या पहिल्या आठ सिंफनींच्या लयी आकड्यांत छापून दिल्या. त्यातले काही आकडे इतके जलद आहेत की आजही वाद्यवृंदांचे संचालक त्यावर भांडतात. पण त्याच बेटहोव्हेनने एका गाण्याच्या हस्तलिखितावर मेल्झेलचा आकडा लिहून पुढे शेरा मारला आहे: हा आकडा फक्त सुरुवातीच्या काही मात्रांपुरता धरावा, कारण भावनेलाही स्वतःची लय असते. म्हणजे आकडा दिला, आणि लगेच त्याची हद्दही सांगितली. आम्हाला वाटते, स्लायडरबद्दलचे निम्मे शहाणपण या शेऱ्यात आले.

मेट्रोनोमच्या पट्टीकडे जरा नीट बघा. रूढ पट्टी ४० पासून २०८ पर्यंत जाते. आकडा म्हणजे मिनिटाला किती ठोके. पण पायऱ्या सारख्या नाहीत. चाळीसपासून साठपर्यंत दोन-दोनच्या, मग तीनच्या, बहात्तरपासून चारच्या, एकशेवीसपासून सहाच्या, आणि पुढे आठ-आठच्या. कारण कानाला फरक प्रमाणात कळतो. ४० वरून ४२ वर गेलो की पाच टक्क्यांची वाढ, ६० वरून ६३ वर गेलो तरी पाच टक्के, १२० वरून १२६ ही तेवढीच. फोनमधला स्लायडर मात्र सगळीकडे एकेक आकड्याने सरकतो. चाळिशीत एक आकडा म्हणजे अडीच टक्के, दोनशेजवळ अर्धा टक्का. रियाज करणाऱ्यांना आमची एक घरगुती सूचना: ‘रोज पाच आकडे वाढवीन’ असा नेम धरू नका. जुन्या पट्टीच्या पायऱ्या लिहून घ्या आणि त्यांनी चढा.

आणि या पट्टीत आपला अतिविलंबित ख्याल बसतच नाही. बारा मात्रांचा एकताल, एकेका मात्रेला पाच सेकंद, म्हणजे एक आवर्तन मिनिटभराचे. ठोके पडले मिनिटाला बारा! मेल्झेलचा लंबक चाळीसच्या खाली उतरत नाही. दोष लंबकाचा नाही. त्याच्यापुढे वेगळे संगीत होते.

इथे आपल्या दौलताबादला, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीला, थोडे थांबू. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारी हिशेबाचे काम पाहणारा एक अधिकारी होता, शार्ङ्गदेव. घराणे मूळचे काश्मीरचे. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हा हिशेबनीस लयीची व्याख्या करताना वेग, गती असे शब्द वापरत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एक क्रिया झाल्यावर पुढची क्रिया होईपर्यंत जी विश्रांती असते, ती लय. ही विश्रांती सर्वांत छोटी असेल तर द्रुत, तिच्या दुप्पट असेल तर मध्य, आणि त्याच्या दुप्पट असेल तर विलंबित. मात्रा किती मोठी? तर पाच लघु अक्षरे उच्चारायला लागेल तेवढी. घड्याळ नाही. माप माणसाच्या जिभेवरचे.

मिनिटाला किती ठोके, हा बाहेरून मोजणाऱ्याचा प्रश्न. दोन ठोक्यांमध्ये किती जागा, हा वाजवणाऱ्याचा. गणिताने दोन्ही एकच आहेत, एक दुसऱ्याचा व्यस्त. पण हातात घेतल्यावर एक नाहीत. जागा म्हटली की ती कुणीतरी द्यायची असते.

आता यंत्रसाथीकडे येऊ. इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण ही गोष्ट आम्हाला अलीकडेच कळली आणि तिने आमची झोप उडवली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पियानोला आला. कागदाची लांब गुंडाळी, तिच्यावर भोके. जिथे भोक तिथे स्वर. पायाने भाता मारायचा, हवेच्या ओढीने गुंडाळी फिरते आणि पट्ट्या आपोआप दाबल्या जातात. बोटांना काही काम नाही. मग माणसाने करायचे काय? पायाच्या दाबाने आवाज लहानमोठा करायचा, आणि हातात एक दांडी असे, ती डावी-उजवीकडे सरकवायची. ती दांडी लयीची. आपल्या स्लायडरची पणजी, म्हणा ना. पट्टीवरचे आकडे कागदाच्या वेगाचे असत: ७० म्हणजे मिनिटाला सात फूट कागद. आणि गंमत अशी की गुंडाळी जसजशी उघडत जाई तसतसे पुढच्या रिळावर कागदाचे थर चढत, रीळ जाड होई, आणि कागद आपोआप थोडा थोडा जलद ओढला जाई. गुंडाळीवर भोके पाडणाऱ्यांना हे ठाऊक असे.

पण ही दांडी एकदा लावून विसरायची नव्हती. ती सतत हलवायची होती! वाक्य संपले की थोडी मागे, उठाव आला की थोडी पुढे. न हलवता वाजवणाऱ्याला लोक हसत. हे शिकवायला सोपे जावे म्हणून एओलियन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘मेट्रोस्टाईल’ काढले. गुंडाळीवर एक तांबडी नागमोडी रेघ छापलेली असे आणि दांडीला एक काटा. तो काटा रेघेवरून फिरवत नेला की लय तशीच वळत जाई. पादेरेव्स्की, शामिनाद यांच्यासारख्या नामवंतांनी आपल्या पसंतीच्या रेघा काढून दिल्या. लयीचा नकाशाच तो. आजच्या सॉफ्टवेअरात मात्रामात्रांवर लय बदलणारी जी रेघ पडद्यावर ओढता येते, ती शंभर वर्षांपूर्वी कागदावर होती.

आणि आता मुख्य गोष्ट. १४ जून १९१२. लंडनचे क्वीन्स हॉल. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, संचालक आर्थर निकिश, म्हणजे त्या काळातले सर्वांत नावाजलेले संचालक. ग्रीगची पियानो कन्चेर्तो झाली, आणि पियानोच्या जागी होता पियानोला. तो चालवत होता ईस्टहोप मार्टिन नावाचा माणूस. त्याच कार्यक्रमात एलेना गेरहार्ट ही विख्यात गायिका गायली, आणि तिच्या गाण्याला साथ पियानोलाची होती. विचार करा. स्वर सगळे आधीच कागदावर पाडलेले. एकही बदलता येत नाही. तरीही ती साथ होती, कारण गायिका श्वास घेते तेव्हा दांडीवरचा हात थांबत होता. स्वर यंत्राचे, जागा माणसाची.

पियानोलाची आणखी एक गोष्ट विसरली गेली आहे. काही यंत्रांत भोके वाचणारी पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने बाजूला सरकवता येई. गायिकेला काळी एक उंच वाटली तर पांढरी एक घ्या, लय तीच. म्हणजे लय आणि पट्टी वेगवेगळ्या बदलण्याची सोय तेव्हाच होती. असे का जमले? कारण कागदावर आवाज नव्हता, आज्ञा होत्या. कोणता स्वर, केव्हा, किती वेळ. आज्ञा सावकाश वाचल्या म्हणून स्वर उतरत नाही.

मग आली ध्वनिमुद्रिका, आणि ही सोय गेली. तबकडीवर आज्ञा नाहीत, प्रत्यक्ष आवाज कोरलेला आहे. ती जलद फिरवली की लयही चढते आणि सूरही चढतो. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलाने तेहेतीसची रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावून घरच्यांची बोलणी खाल्ली आहेत. त्यात लय पस्तीस टक्के वाढते आणि षड्ज जातो मध्यमाच्याही थोडा वर. टेप निम्म्या वेगाने लावली तर सूर नेमका एक सप्तक खाली.

१९५० मध्ये अमेरिकेत ‘म्युझिक मायनस वन’ नावाच्या रेकॉर्ड निघू लागल्या. बाकी सगळी वाद्ये वाजतात, एक गाळलेले. ते तुम्ही घरी वाजवा. विद्यार्थ्यांना मोठा आधार झाला, हे मान्य करायला हवे. पण दांडी गेली. लय रेकॉर्डची, तुम्ही मागे धावा. सावकाश करायची तर वाद्य पुन्हा सुरात लावा. १९५९ मध्ये वुर्लिट्झर कंपनीचा ‘साइडमन’ आला, आपोआप ताल देणारा खोका. आत एक चकती फिरे, तिला मोटर, आणि मोटरचा वेग बदलायची सोय. दांडी परत आली खरी, पण एकदा लावून ठेवायची म्हणून. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यावर गुंतलेले. ती हलवणार कोण? ऑर्गनवर बसून एकट्याने लोकांना रिझवणाऱ्याला दुसऱ्या माणसाचा पगार परवडत नव्हता, म्हणून तर खोका घेतला. पियानोलाजवळ बसलेला तो दांडी धरणारा माणूस इथे कमी झाला. आम्ही या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

मधल्या काळात आवाजाची लय आणि सूर एकमेकांपासून सोडवण्याची खटपट चालूच होती. डेनिस गॅबर, ज्यांना पुढे होलोग्राफीसाठी नोबेल मिळाले, त्यांनी १९४० च्या दशकात मांडले की आवाज बारीक कणांत तोडता येईल. कण दुहेरी वाजवले तर लांबी वाढेल आणि सूर तोच राहील. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी ‘फेज व्होकोडर’ मांडला. आवाजाचे अनेक पट्ट्यांत पृथक्करण करायचे, प्रत्येक पट्टीचा काळ ताणायचा, आणि पुन्हा जोडायचे. तेव्हाच्या संगणकांना हे फार जड होते. आज यूट्यूबवर वेग पाऊणपट केला तरी गायकाचा सूर उतरत नाही, त्यामागे याच घराण्यातले गणित आहे. पण ताणलेला आवाज फार ताणला की कळतो. तबल्याच्या टणक ‘ना’ची कड विरघळते, घंटेला फेस आल्यासारखे वाटते. मूळ लयीच्या आसपास राहिलात तर लक्षात येत नाही, निम्म्यावर नेलेत तर लपत नाही.

दुसरा रस्ता पियानोलाचाच. १९८३ मध्ये मिडी नावाची भाषा ठरली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये तीत एकमेकांशी बोलू लागली, आणि ती बोलतात फक्त आज्ञा: हा स्वर दाब, हा सोड. आवाज नाही. म्हणजे भोकांचा कागदच, फक्त कागदाशिवाय. १९९० मध्ये कॅनडातल्या पीजी म्युझिकने ‘बँड-इन-अ-बॉक्स’ काढले. तुम्ही स्वरसंघांची नावे टंकायची, शैली निवडायची, लयीचा आकडा द्यायचा. बास, ड्रम, पियानो यांची साथ ते सॉफ्टवेअर स्वतः रचते. पुढे त्यात खऱ्या वादकांची मुद्रणेही आली. म्हणजे एकाच खिडकीत, एकाच स्लायडरखाली, आज्ञाही आल्या आणि ताणलेला आवाजही. वापरणाऱ्याला हा फरक दिसत नाही, आणि म्हणून त्याला कोडे पडते की काही वाद्ये कुठल्याही लयीला स्वच्छ वाजतात आणि काही का बिघडतात. उपाय साधा आहे. खऱ्या मुद्रणाची साथ निवडताना ती मूळ कोणत्या लयीला वाजवली होती ते बघावे आणि आपल्याला हव्या त्या लयीच्या जवळची घ्यावी.

आता आम्हाला चकित करणारी गोष्ट सांगतो. मिडीच्या फाईलमध्ये लय कशी लिहितात? आपल्याला पडद्यावर दिसते १२०. फाईलमध्ये १२० लिहिलेले नसते. तिथे असते ५,००,०००. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचे अंतर, मायक्रोसेकंदांत. ८० असेल तर ७,५०,०००. १६० असेल तर ३,७५,०००. आकडा काही सांगितलाच नाही तर यंत्र अर्धा सेकंद धरून चालते. आणि या अंतरासाठी जी जागा राखलेली आहे तीत सोळा सेकंदांहून मोठे अंतरही मावते. मेल्झेलच्या पट्टीत न बसणारा आपला पाच सेकंदांच्या मात्रेचा एकताल तिथे आरामात बसतो, पन्नास लाख म्हणून. ज्या अभियंत्यांनी हे ठरवले त्यांनी शार्ङ्गदेव वाचला असण्याचे काही कारण नाही. त्यांना हिशेबाला हे सोयीचे गेले, इतकेच. पण लय म्हणजे दोन क्रियांमधली जागा, हे देवगिरीच्या हिशेबनिसालाही सोयीचे वाटले होते!

मात्र जागा मोठी केली म्हणजे विलंबित झाले, असे समजू नये. विलंबित ठेका हा मध्यलयीचा ठेका ताणून होत नाही. जागा वाढली की तबलजी ती भरतो. तिरकिट घालतो, बारीक हालचाल ठेवतो, नाही तर गायकाला मात्रा सापडायची नाही. जाझच्या ड्रमरांच्या वादनाची मोजमापे घेतली तेव्हाही असेच दिसले. संथ लयीत त्यांचा झोका लांब-आखूड असा ठळक असतो, लय वाढली की दोन्ही भाग जवळजवळ समान होतात. माणूस लय बदलतो तेव्हा नुसता वेग बदलत नाही, वाजवणेच बदलतो. म्हणून अ‍ॅपमध्ये एकताल वीसवर आणायचा तर स्लायडर ओढण्याआधी विलंबिताचा वेगळा ठेका दिला आहे का ते शोधा. बहुतेक ठिकाणी दिलेला असतो.

मग थांबण्याचे काय? तोही प्रयत्न झाला आहे. बेल प्रयोगशाळेतल्या मॅक्स मॅथ्यूज यांनी १९७० च्या दशकात ‘कंडक्टर’ नावाचा प्रोग्राम केला. स्वर संगणकाकडे, पण प्रत्येक ठोका माणसाने द्यायचा. दिला नाही तर संगणक वाट बघतो. हा पियानोलाच्या दांडीचा खरा वारस. आणि १९८४ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे पुढचे पाऊल टाकले. रॉजर डॅननबर्ग यांनी, जे स्वतः ट्रम्पेट वाजवतात, अशी रीत काढली की संगणकाने वादकाचे सूर ऐकावेत, समोरच्या स्वरलिपीशी ताडून तो कुठे पोहोचला ते ओळखावे, आणि साथ त्याप्रमाणे पुढे-मागे करावी. वादकाने एखादा स्वर चुकवला, एखादा गाळला, तरी संगणकाने वाट चुकता कामा नये, हे त्यातले अवघड. बॅरी व्हर्को यांनी पॅरिसच्या इरकाम संस्थेत लॅरी बोरेगार या बासरीवादकाबरोबर असेच काम केले. पुढे १९८५ मध्ये व्हर्को आणि मिलर पकेट यांनी दाखवले की यंत्राची तालीमही घेता येते. वादक कुठे रेंगाळतो हे ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आधीच सावध होते. यातून १९९० च्या दशकात बाजारातले सॉफ्टवेअरही निघाले, आणि त्यात एक सेटिंग असे: यंत्राने तुमच्या मागे किती यायचे. पूर्ण, थोडे, की मुळीच नाही.

हे सेटिंग आम्हाला फार आवडते. कारण चांगला साथीदार प्रत्येक ठिकाणी मागे येत नाही. दादाही येत नसत. आम्ही उगाच धावू लागलो तर ते लेहरा तसाच ठेवून आम्हाला आपटू देत.

पण हे सगळे लिहिलेल्या संगीतासाठी. समोर स्वरलिपी असेल तर वादक कुठे आहे ते ताडता येते. आमच्यासारखा माणूस आज कोणता कायदा घेईल आणि कुठे सोडेल हे आम्हालाच माहीत नसते, तिथे यंत्राने काय ताडायचे? आपल्याकडची यंत्रे म्हणूनच वेगळ्या वाटेने गेली. बंगळुरूचे राज नारायण, स्वतः बासरीवादक आणि अभियंते, यांच्या राडेल कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि पुढे तबल्याचे यंत्र घराघरांत नेले. नंतर फोनवर अ‍ॅप आले. सुराची एक कळ, लयीची एक कळ. जे सतत सारखे हवे ते यंत्राकडे, बाकी माणसाकडे. त्या पेट्यांवर आजवर किती मुले सुरात आली असतील! आम्ही यंत्राची निंदा करायला इथे आलेलो नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ‘टॅप’ असे एक बटण असते, त्यावर चार-पाच ठोके मारले की यंत्र मधल्या अंतरांची सरासरी काढून लय ठरवते. आकडा ठाऊक नसताना हेच वापरावे. पुतण्याने तेव्हा अंदाज करायला नको होता. दुसरे, बिनतारी स्पीकर लावलात तर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने, कधी त्याहूनही, उशिरा येतो. १६० च्या लयीत पाव मात्रेहून जास्त झाले ते. नुसते कानाने वाजवत असाल तर काही बिघडत नाही, पण पडद्यावर चमकणाऱ्या मात्रेकडे बघत वाजवलेत तर डोळा आणि कान भांडतील. पडदा उलटा ठेवावा.

आम्ही वर्गात बर्गसाँ शिकवायचो. घड्याळातला काळ वेगळा आणि जगलेला काळ वेगळा, एक मोजता येतो आणि दुसरा फक्त अनुभवता येतो, असे त्याचे म्हणणे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर दोन रकाने आखून समजावले. आता वाटते, ते रकाने जरा घाईचे होते. पियानोलाच्या दांडीवर आकडे कोरलेले होते, मिनिटाला इतके फूट कागद; आणि तीच दांडी गायिकेच्या श्वासासाठी थांबत होती. मोजलेला काळ आणि दिलेला काळ एकाच लाकडी दांडीत होते. दांडीवर कुणाचा तरी हात होता, एवढेच.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही फोन घेऊन दादांकडे गेलो. त्यांची बोटे पेटीवर चालत नाहीत, पण अंगठा चालतो. आता ते खुर्चीत बसतात, फोन मांडीवर, अंगठा स्लायडरवर. लेहरा ११२ वर लावतात. आम्ही तिहाई उचलली की अंगठा जरा मागे येतो, १०९, १०८, सम झाली की पुन्हा वर. आमच्या अ‍ॅपमध्ये बदल पुढच्या मात्रेपासून लागू होतो, म्हणून त्यांना एक मात्रा आधी हलवावे लागते. म्हणजे आम्ही अडखळणार हे त्यांना आमच्या आधी कळावे लागते. ते कळते. सुरुवातीला महिनाभर चुकामूक झाली, एकदा तर अंगठा घसरून लेहरा थेट दोनशेवर गेला आणि वहिनी आतून बघायला आल्या.

परवा वाजवून झाल्यावर दादा म्हणाले, ‘‘तू तिहाईत अजून धावतोस.’’

आम्ही म्हटले, ‘‘दादा, पन्नास वर्षांत हे कधी बोलला नाहीत.’’

‘‘तेव्हा बोटं आपली आपण करायची,’’ ते म्हणाले. ‘‘आता आकडा दिसतो ना.’’